डामाच्या कागदावर कारणही लिहा

प्रति,
मा. पालकमंत्री, मा. जिल्हाधिकारी व मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नंदुरबार

महोदय,

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, देशभर लोक सिलिंडरसाठी वणवण फिरत होते, तेव्हा नंदुरबारात ऑक्सिजन होता. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्येच पहिला प्लांट उभा करून घेतला होता. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ऑक्सिजन खाटेपर्यंत आला तरी माणूस खाटेवर थांबेलच असं नाही. पुढच्या साथीआधी त्या थांबण्याचीही तयारी करा, एवढ्यासाठी हे पत्र.

डामा घेणाऱ्याला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णालय सोडून घरी जाणाऱ्याला, अडाणी ठरवून आपण मोकळे होतो. हा अन्याय आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या धास्तीने, मुंबईतल्या गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती तेव्हा राजधानीच्या शहरालाही होती. कोरोनात तर नातेवाईक दाराबाहेर, आत सगळे पीपीई किटमध्ये, आणि जीव गेला तर देहही गावी न्यायची मुभा अनेकदा नाही. जिथे मयताचं सगळं गावाने मिळून करायचं असतं, त्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याला हे मरणाहून जड वाटलं तर दोष कोणाचा? त्याच्याशी पावरीत, भिलीत बोलणारं माणूस रात्रपाळीला वॉर्डात असतं का?

शिवाय पोट आहे. दुसरी लाट आली ती होळीच्या आणि मोहफुलांच्या दिवसांत. मोह पहाटे वेचावा लागतो. खाटेवरच्या माणसासाठी तो थांबत नाही. त्यात हा आजार फसवा. ताप उतरतो, बरं वाटतं, आणि नेमका दुसऱ्या आठवड्यात ऑक्सिजन घसरतो. बरं वाटणारा माणूस घरी निघाला, तर त्याला धोका त्याच्या बोलीत समजावून सांगितला होता का, हे आधी पाहायला हवं.

१४ मार्च २०२० च्या राज्याच्या नियमांनी नकार देणाऱ्याला सक्तीने दाखल करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला होता. सक्तीने एक माणूस आणता येतो; ते पाहून पाड्यावरचे पुढचे आजारी लपून बसतात.

उपाय आपल्याच जिल्ह्यात आहे. कुपोषित मुलाला दाखल केलं की आईला बुडीत मजुरी मिळते, कारण घरची चूल आणि मागे राहिलेली मुलं हेच तिच्या लवकर परतण्याचं कारण असतं, हे शासनाने कधीच ओळखलंय. मग साथीच्या काळात दाखल झालेल्या मजुराला आणि त्याच्यासाठी थांबणाऱ्याला तीच मजुरी का नको? दिवसातून एकदा घरच्यांशी व्हिडिओवर बोलणं आणि सुरक्षित अंतर राखून अंत्यविधीची मुभा, हेही साथ येण्याआधीच लेखी ठरवून ठेवा.

एवढं करूनही काही जण जातीलच. तो त्यांचा हक्क आहे. पण कागदावर अंगठा उमटला की रुग्णालयाची जबाबदारी संपते, ही पद्धत मोडा. माणूस का निघाला हे त्याच्याच शब्दांत त्या कागदावर लिहून घ्या. सोबत औषधं आणि ऑक्सिमीटर द्या. त्याच दिवशी त्याचं नाव प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि गावच्या आशाताईला कळवा, आणि तब्येत बिघडली तर तो परत येताना दारात कोणी त्याला ‘तेव्हा का गेलास’ असं विचारणार नाही, हे निघतानाच त्याला सांगा.

आपला,
जिल्ह्यातील एक नागरिक