वाघोबा घाटात आम्ही फोटोसाठी थांबलो

ताडोब्याची सफारी रविवारी पहाटेची होती, म्हणून शनिवारी उजाडता उजाडता आम्ही तिघांनी बोईसर सोडलं. गाडीच्या टपावर घडीचा तंबू, डिकीत छोटा फ्रिज, खुर्च्या, दोन जेरीकॅन. याला ओव्हरलँडिंग म्हणतात. गाडी हेच घर आणि अंधार पडेल तिथे मुक्काम. आमचा अंधार कुठे पडणार, याचं बुकिंग महिनाभर आधीच झालं होतं, ते सोडा.

चौथ्याला पालघरहून उचलून मनोरच्या रस्त्याला लागलो आणि वाघोबा घाटात थांबलो. देवासाठी नाही, फोटोसाठी. मागे धुकं, झाडी आणि तंबू लादलेली गाडी. फ्रेममध्ये मध्येच देऊळ येत होतं, म्हणून गाडी थोडी पुढे घेतली. नारळ-फुलं घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, कुठे निघालात? वाघ बघायला, मी म्हणालो. त्या हसल्या. म्हणाल्या, तो दिसू नये म्हणून आम्ही इथे नारळ ठेवतो.

गाडीत आम्ही या वाक्यावर बराच वेळ हसलो. रात्रीपर्यंत माझं हसू गेलं होतं.

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि वाघोबा दोघांचाही देव. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशे ठाणी नोंदवली आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वारली त्याला पूजतात. हा देव लांब राहा असं सांगण्यासाठी आहे. तू आहेस हे आम्हाला माहीत आहे, तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या. मी पालघर जिल्ह्यात वाढलो, इंजिनियर झालो, आणि माझ्या जिल्ह्यात बिबट्या राहतो हे मला कधी दखल घेण्यासारखं वाटलं नाही. वाघ म्हणजे तिकीट काढून बघायची गोष्ट. बाकीचा तो ‘मानवी वस्तीत शिरलेला’.

आमण्याला समृद्धी महामार्गावर चढलो. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर पूर्ण झाला. प्राण्यांना ओलांडता यावं म्हणून त्याच्याखालून आणि वरून वाटा ठेवल्या आहेत. ताशी 120 च्या वेगात त्यातली एकही आमच्या नजरेत भरली नाही. ओव्हरलँडिंग म्हणजे जमिनीशी नातं, असं आमचा ग्रुप सांगतो. त्या दिवशी जमिनीवर आम्ही उतरलो ते फक्त पेट्रोल आणि वडापावसाठी.

मोहर्लीजवळच्या शेतातल्या कॅम्पवर पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. आम्ही तंबू उघडला, शेकोटी पेटवली, स्पीकर लावला. शेतमालक येऊन म्हणाले, कुंपणाबाहेर जाऊ नका, परवा इथूनच गेला. आमच्यातला एकजण आनंदाने ओरडला, म्हणजे उद्या चान्स आहे! मालक काही बोलले नाहीत. हातात बॅटरी आणि काठी घेऊन ते रानडुकरांपासून पीक राखायला शेतात निघून गेले. कुंपणाबाहेर.

याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या जंगलात, 10 मे 2025 ला तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्यांना ‘सायटिंग’ नको होतं. ताडोबा हे नावही तारू या गोंडांच्या देवावरून आलं आहे. कथा अशी की तारू गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं देऊळ आहे. म्हणजे आमच्या घाटातला वाघोबा आणि इथला तारू एकच गोष्ट सांगतात: वाघासोबत राहण्याची किंमत असते. ही किंमत सोबत राहणारा मोजतो. आम्ही फक्त तिकिटाची मोजतो.

यावर ठरलेलं उत्तर आहे. पर्यटनाचा पैसा येतो, गाईडला आणि जिप्सीवाल्याला रोजगार मिळतो, म्हणून वाघ वाचतो. यात तथ्य आहे. महाराष्ट्रातले वाघ 2018 च्या गणनेत 312 होते, 2022 मध्ये 444 झाले. ते एकट्या पर्यटनाने नाही वाढले, पण मी ते तिकीट वाया गेलं असंही म्हणत नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. या वाढलेल्या वाघांसाठी बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं गाभ्यातून उठली आणि आजूबाजूच्या गावांनी भीती अंगावर घेतली. आम्ही काय केलं? वाघ दिसला नाही तर एक स्टार कापला.

आणि जंगल गेटच्या आत असतं हे एकदा मान्य केलं, की गेटच्या बाहेरचं काहीही गेलं तरी चालतं. माझ्या घराजवळची तारापूर एमआयडीसी 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात देशात सर्वांत वर होती. शेजारचा डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, आणि तिथल्याच वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये झाली. मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत होते. बंदर हवं की नको यावर वाद घाला, पण माझ्या निसर्गप्रेमी ग्रुपवर त्या आठवड्यात चर्चा कशाची होती? तंबू कोणत्या कंपनीचा घ्यावा याची. मीच दोन लिंका टाकल्या होत्या.

सफारीला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मीही बहुतेक पुन्हा जाईन. पण नऊशे किलोमीटरवरच्या वाघाचं प्रेम आपल्याला एवढं परवडतं, कारण तो आपल्याकडे काही मागत नाही. घराजवळचं रान मागतं. जनसुनावणीला रजा टाकून जायला लावतं, अहवाल वाचायला लावतं, शेजाऱ्याशी आणि कधी बापाच्या नोकरीशीही भांडायला लावतं. तेवढं न करता स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवून घेणं मला आता जमत नाही.

रविवारी वाघ दिसला नाही. परतताना वाघोबा घाट आला तेव्हा रात्र झाली होती, मावशी गेल्या होत्या. मी गाडी थांबवायला सांगितली. मागून कोणीतरी म्हणालं, अंधारात फोटो येणार नाही रे.