निवृत्तीनंतरची रिकामी जागा

युरोपातील विद्यापीठांच्या वार्तापत्रांत व्यक्तिवार्तेच्या सदराची एक ठरलेली रीत असते. कोणाची नियुक्ती झाली, कोणाच्या संशोधनाला अनुदान मिळाले, कोण निवृत्त झाले, कोणाचे निधन झाले, एवढेच त्यात कोरड्या शब्दांत नोंदलेले असते. भौतिकशास्त्राच्या अथवा जर्मन वाङ्मयाच्या प्राध्यापकाची निवृत्ती जाहीर झाली की काही काळाने त्याच सदरात त्याच्या जागी आलेल्याचे नाव वाचावयास मिळते. मराठीच्या अभ्यासकाबाबत पहिली वार्ता येते. दुसरी बहुधा येत नाही. या न आलेल्या वार्तेचा विचार आज अगत्याने करावयास हवा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि परदेशी विद्यापीठांत मराठीची अध्यासने असावीत, ही जुनीच इच्छा नव्या उत्साहाने व्यक्त होऊ लागली आहे. ही इच्छा स्वागतार्ह आहे. पण आजवर तेथे मराठी कशी शिकली-शिकवली गेली, याचा हिशेब मांडल्यावाचून ती फलद्रूप होणे कठीण.

हा हिशेब हायडेलबर्गपासून सुरू करणे सोयीचे आहे. तेथील दक्षिण आशिया संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली आणि पुढील तीन दशकांत मराठी लोकधर्माच्या अभ्यासाचे ती युरोपातील एक प्रमुख ठिकाण ठरली. हे घडले ते मुख्यतः गुंथर-डिट्झ सोन्थायमर या एका व्यक्तीमुळे. सोन्थायमर मूळचे कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासक. एकत्र हिंदू कुटुंब ही विधिसंस्था म्हणून कशी विकसित झाली, यावरील त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. धर्मशास्त्राच्या पोथ्यांतून ते महाराष्ट्रातील माळरानांवर आले, धनगरांच्या कळपांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील आपला जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये सिद्ध केला. संस्कृत ग्रंथांतील धर्म आणि वाडीवस्तीवरचा धर्म यांना एकाच दृष्टिक्षेपात पाहण्याचे जे धैर्य या ग्रंथात आहे, ते त्या काळच्या प्राच्यविद्येत दुर्मिळ होते. मराठी अभ्यासकांनाही, रा. चिं. ढेरे यांच्यासारखे मोजके अपवाद वगळता, ते सहज साधलेले नव्हते.

आता यातील व्यवस्थेचा भाग पाहावा. सोन्थायमर यांच्या अध्यापनाचा औपचारिक विषय पारंपरिक कायदा आणि धर्मेतिहास हा होता. मराठी हे त्यांच्या पदाचे नाव नव्हते. ती त्यांची ओढ होती. १९९२ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निधन पावले, तेव्हा पद विद्यापीठाचे राहिले आणि ओढ त्यांच्याबरोबर गेली. यात कोणाचा कृतघ्नपणा शोधण्याचे कारण नाही. जर्मन विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा रिकामी झाली की तिचे विषयक्षेत्र नव्याने ठरवण्यास विद्याशाखा मोकळी असते. त्या वेळी विद्यार्थिसंख्या, अनुदान आणि शेजारच्या विभागांच्या गरजा पाहिल्या जातात. ज्या विषयाचे नाव पदाच्या व्याख्येतच नाही, त्याची बाजू त्या बैठकीत कोण मांडणार? शिष्याने मांडावी म्हटले तर तोही बहुधा मुदतीच्या नेमणुकीवर असतो. जर्मनीत २००७ च्या कायद्याने अशा नेमणुकांना सर्वसाधारणपणे पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा घातली आहे. बारा वर्षांत कायमची जागा न मिळाल्यास मराठी येणाऱ्या तरुण विद्वानाला दुसरा मार्ग धरावा लागतो, आणि पुष्कळदा तो धरतो.

लंडनची कथा किंचित वेगळी आहे. तेथील प्राच्य व आफ्रिकी अभ्याससंस्थेत आल्फ्रेड मास्टर यांच्यामागून इयन रेसाइड आले, म्हणजे निदान एकदा तरी मराठीचा दिवा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मास्टर यांचे जुन्या मराठीचे व्याकरण १९६४ चे. रेसाइड यांनी महानुभाव ग्रंथांची सूची १९६० मध्ये प्रसिद्ध केली, मराठी कथांचा इंग्रजी संग्रह १९६६ मध्ये काढला, पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’चा अनुवाद केला आणि १९८९ मध्ये ‘गद्यराज’ इंग्रजीत आणला. महानुभावांच्या पोथ्या आणि कोकणातील कादंबरी ही दोन्ही टोके एकाच अभ्यासकाने सारख्याच आस्थेने हाताळावीत, हे आजच्या विशेषीकरणाच्या काळात नवलाचेच वाटेल. त्यांच्यानंतर मात्र ती परंपरा त्या जोमाने पुढे गेली नाही.

असे असूनही या विद्वानांचे कार्य वाया गेले, असे म्हणता येत नाही. ते टिकले; पण जेथे निर्माण झाले तेथे नव्हे. झूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसमध्ये निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. इंग्रजी भाषांतर व्हावयास १९७० साल उजाडले. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे इंग्रजी वाचकाच्या आधी हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती होता! महाराष्ट्रातील भाषाभ्यासाला त्याने जे वळण दिले, ते परांजप्यांच्या या परिश्रमावाचून दिले गेले असते का, याची शंकाच आहे. आज दर्जाच्या आणि अध्यासनांच्या चर्चेत ब्लॉक यांचे नाव अभिमानाने घेतले जाते, परांजप्यांचे क्वचितच.

कन्नडचा अनुभवही याला जुळणारा आहे. बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावर मेयो हॉलजवळ फर्डिनंड किटेल यांचा पुतळा उभा आहे. किटेल हे बाझेल मिशनचे धर्मोपदेशक. त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळूरमध्ये छापला गेला, आणि ट्युबिंगेन विद्यापीठाने त्यांना १८९६ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. सन्मान ट्युबिंगेनचा खरा. परंतु तो कोश तपासून, वाढवून नव्या चार खंडांत आणण्याचे काम १९६८ ते १९७१ या काळात मद्रास विद्यापीठात मरियप्प भट्ट यांनी केले. किटेल यांचा वारस जर्मनीत नव्हे, मद्रासमध्ये निघाला. पुतळा किटेल यांचा आहे हे योग्यच. पण कोश वापरणारा अभ्यासक ज्याच्या खांद्यावर उभा असतो, ते मरियप्प भट्टांचे आहेत.

या दृष्टीने पाहता परदेशी अध्यासनाच्या प्रश्नाचे स्वरूप बदलते. सरकारी साहाय्याने चालणाऱ्या बहुतेक अध्यासनांवर पाहुणे प्राध्यापक एका सत्रासाठी अथवा एका वर्षासाठी जातात. ग्रंथालयाची मांडणी ध्यानात येऊ लागते, दोन-चार विद्यार्थ्यांना जोडाक्षरे वाचता येऊ लागतात, तोच परतीची तारीख येते. पुढच्या वर्षी दुसरा पाहुणा पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करतो. अशा व्यवस्थेतून समारंभ निघतात, छायाचित्रे निघतात, क्वचित एखादी व्याख्यानमालाही निघते. सोन्थायमर निघत नाहीत. सोन्थायमर घडावयास बारा-पंधरा वर्षांचा सहवास लागतो, आणि तो सहवास द्यावयाचा तो पुणे, जेजुरी, मिरज, धारवाड येथेच देता येतो. तेव्हा खर्च करावयाचा असेल तर युरोपातील विद्यार्थ्याला येथे दीर्घकाळ राहून शिकता येईल अशा शिष्यवृत्तीवर आणि त्याला शिकवणाऱ्या येथील अध्यापकाच्या कायम जागेवर आधी करावा.

या दुसऱ्या गोष्टीबाबत मात्र आपली स्थिती मिरवण्यासारखी नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील कुसुमाग्रजांच्या नावाचे मराठी केंद्र जुलै २०२५ मध्ये सुरू झाले, ते कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. देशाच्या राजधानीत ही कथा, तर हायडेलबर्गच्या विद्याशाखेला दोष देण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? कन्नडला अभिजात दर्जा २००८ मध्ये मिळाला. म्हैसूरच्या अभिजात कन्नड केंद्राच्या स्वायत्ततेची मागणी कन्नड विद्वानांना त्यानंतरही वर्षानुवर्षे करीत राहावे लागले. मराठीच्या धुरिणांनी अध्यासनांचे आराखडे काढण्यापूर्वी म्हैसूरला एक फेरी मारावी. दर्जा लाभणे आणि माणसे नेमली जाणे या दोन घटनांमध्ये किती अंतर असू शकते, हे तेथे कोणीही सांगेल.

सोन्थायमर यांनी जमवलेल्या सामग्रीचे पुढे जे झाले, ते या संदर्भात बोलके आहे. त्यांच्या बिरोबाविषयक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर ॲन फेल्डहाउस यांनी १९८९ मध्ये केले. खंडोबावरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९९७ मध्ये ग्रंथरूप झाले. त्याच्या संपादकांपैकी हायड्रुन ब्रुकनर यांचा स्वतःचा अभ्यास तुळू लोकधर्माचा, म्हणजे कर्नाटकाच्या किनाऱ्याचा. बिरोबा हा कुरुबांचा बीरप्पा आणि खंडोबा हा मैलार आहे हे लक्षात घेतले, तर हा वारसा एकट्या महाराष्ट्राचा नाही हे बंगळुरूच्या वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. बिरोबा आणि धुळोबा यांच्या धनगरी कथागीतांचा इंग्रजी ग्रंथ तर २०१४ मध्ये, म्हणजे सोन्थायमर गेल्यावर बावीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर फेल्डहाउस यांच्यासोबत रामदास अटकर आणि राजाराम झगडे अशी दोन मराठी नावे आहेत. ज्यांना ती बोली कानाने कळते अशा माणसांच्या साहाय्यावाचून हे काम होणे शक्य नव्हते. परदेशी विद्यापीठाशी यापुढे मराठीसाठी जो करार होईल, त्यात अध्यासनाच्या नावाआधी या माणसांच्या मानधनाचे आणि ध्वनिमुद्रणांची एक प्रत येथील विद्यापीठात ठेवण्याचे कलम असावे.