पहिली ट्रिप रिक्षाने परत येता येईल एवढीच

तर झालं असं की, अण्णांची २००४ ची ओम्नी विकायची नाही असं घरात एकमताने ठरलं. (एकमताने म्हणजे अण्णांच्या मताने.) मग तिचं करायचं काय? तर 'कॅम्पर' करायची! आईचे गुडघे आणि अण्णांची शुगर, यामुळे गेली चार वर्षं दोघं मलकापूर सोडून कुठे गेलेले नाहीत. बसमध्ये पाय अवघडतात, हॉटेलचे जिने चढवत नाहीत. वाटेल तिथे थांबून आडवं होता आलं तर दोघं परत फिरतील, एवढाच माझा हिशोब. म्हणून गेले चार शनिवार-रविवार मी पुण्याहून मलकापूरला येऊन गाडीखाली पडलेलो आहे.

आधी यूट्यूबवर भरपूर व्हिडिओ बघितले, आणि माझं पहिलं भांडण तिथेच आहे. व्हिडिओची वीस मिनिटं पडदे, पिवळे दिवे, फोल्डिंग ओटा. ब्रेकला शून्य मिनिटं. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा वेळ यूआयवर आणि बॅकएंड वीस वर्षांपूर्वीचं, कुणी उघडूनही बघितलेलं नाही. :)

मीही तेच करणार होतो, खोटं कशाला बोलू? सुताराला बोलावून पलंग, कपाट, सगळं ठरवलं होतं. मग रात्री सहज वजनाचा हिशोब मांडला. १९ मिलिमीटरची ८ बाय ४ ची एक प्लाय साधारण ३५ किलो भरते. अशा दोन, वर २० लिटर पाण्याचे दोन कॅन (मलकापुरात मीटरवर चोवीस तास पाणी, भरायला काय जातंय!), गादी, भांडी... माणसं बसायच्या आधीच दीडशे किलो. आणि हे सगळं ओढायचं कुणी? ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाने. सुताराला नको म्हणून सांगितलं.

दुसरं कारण कायद्याचं. आर.सी. बुकात जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते आणखी घट्ट केलं. सीटा काढून पलंग ठोकला की उद्या अपघातात विमा कंपनीला आयतं कारण. २०२४ मध्ये रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आम्ही पाच हजार भरलेत (१ एप्रिल २०२२ च्या आधी हेच काम सहाशेत व्हायचं), ते काय घालवायला? आमची ओम्नी आठ सीटर, मागच्या दोन सीटा समोरासमोर. मधल्या जागेत १२ मिलिमीटरची सुटी फळी टाकली, वर गादी. झाला पलंग. एक खिळा ठोकला नाही. सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्यात आमच्या ओम्नीसारखीचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. असो.

वाचलेले पैसे घेऊन सर्व्हिस रोडवरच्या मेकॅनिककाकांकडे गेलो. अण्णा सोबत. "गाडीला काय झालंय? ह्याच गाडीतनं तुम्हाला गणपतीपुळ्याला नेलंय मी," इति अण्णा. काकांनी काही न बोलता मागचं चाक खोललं. ड्रमच्या आत ओल. व्हील सिलिंडर गळत होता. ब्रेक ऑइल बाटलीत काढलं तर रंग थेट चहासारखा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. पाणी धरलेलं ऑइल सततच्या ब्रेकने तापलं की त्यात वाफ होते, आणि मग पेडल दाबलं की नुसतं खाली जातं. आमच्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते अण्णांनाही आठवेना.

आणि अण्णांना पहिली ट्रिप कुठली हवी होती? पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे गणपतीपुळे! मागे फळीवर आई झोपलेली आणि घाटात माझ्या पायाखालचं पेडल गेलेलं, हे चित्र त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

मग टायर बघितले. नक्षी झकास, कारण गाडी फिरलीच नव्हती. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा. आमचे ३११४ होते, म्हणजे २०१४ चा ३१ वा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं. चारही बदलले, स्टेपनीसकट पाच. सगळ्यात मोठा खर्च तोच. पेट्रोलचे पाइपही नवे टाकले, कारण ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे आपण अक्षरशः त्याच्यावर बसतो. गॅसची शेगडी आत पेटवायची नाही, आणि इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, हे आईला तीनदा सांगितलं. ("अरे, मी कशाला इंजिन चालू करू?" हेही बरोबरच.) पंख्याची वायर बॅटरीपासून घेतली, पण बॅटरीला लागूनच फ्यूज टाकून.

गेल्या शनिवारी दोघं अंगणातच गाडीत झोपले. आपल्याकडे रिलीजच्या आधी स्टेजिंग असतं ना, तसं. मी बाहेर बाजेवर. रात्री दोनला कळलं की आईला सरकत्या दारातून उतरताना पाय पोचत नाही. अण्णांना रात्री तीनदा उठावं लागतं, म्हणजे मुक्काम संडासाजवळच हवा. डास तर विचारू नका. हे सगळं घरापासून दहा फुटांवर कळलं.

म्हणून माझं ठाम मत: जुन्या गाडीची पहिली ट्रिप इतकी जवळ काढा की बंद पडली तर रिक्षाने घरी येता यावं. आमची उद्या आहे. आगाशिवच्या पायथ्याशी चहा, संध्याकाळी कराडला प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या काठी. झोपायला घरी. ते जमलं तर पुढच्या महिन्यात कोयनानगर, एक मुक्काम. घाट त्यानंतर, आणि तोही ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा.

अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी बघतो तर देवघरासमोरचा छोटा पाट गाडीत, दाराजवळ ठेवलेला. आईला उतरायला.

"पुळ्याचं बघू मग," म्हणाले.