भाऊसाहेबांचा प्रबंध आणि बापाचे तारण

डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा वऱ्हाडात दोन थोरांच्या आठवणीत जातो. 20 तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली, आज 27 ला डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांची जयंती. कर्ज काढू नका, असे बाबा कीर्तनातून बजावत. आणि घरातली भांडीकुंडी विकावी लागली तरी चालेल, पण पोरांना शिकवा, हेही तेच सांगत. त्या काळी हे दोन्ही उपदेश एका घरात पाळता येत. आता भांडी विकून परदेशी विद्यापीठाचा अर्जही भरून होत नाही.

अमरावतीत भाऊसाहेबांच्या शिवाजी शिक्षण संस्थेत आज हारतुरे होतील, अकोल्यात त्यांच्या नावाच्या कृषी विद्यापीठातही होतील. 1952 ते 1962 केंद्रात कृषिमंत्री राहिलेल्या भाऊसाहेबांवर भाषणे होतील ती शेतीची. पापळच्या शेतकऱ्याच्या या मुलाने ऑक्सफर्डची डॉक्टरेट मात्र वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर मिळवली, हे क्वचितच कुणी सांगते. तो प्रबंध 1933 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. आजच्या परदेशी विद्यापीठांत हा विषय ‘दक्षिण आशिया अभ्यास’ या दालनात बसला असता. अर्थात भाऊसाहेबांकडे बॅरिस्टरची सनदही होती, आणि अमरावतीला परतल्यावर पोटापाण्याला तीच कामी आली.

आज परतवाड्याची किंवा मूर्तिजापूरची एखादी मुलगी असाच विषय घेऊन लंडनला एमए करायला निघाली, असे धरू. कर्ज 30 लाखांचे. साडेसात लाखांच्या वर गेले की बँक तारण मागते. बाप दहा एकरांचा सातबारा घेऊन समोर बसतो आणि मॅनेजर विचारतो, ‘एनए प्लॉट आहे का?’ सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर टाच आणता येत नाही, म्हणून बहुतेक बँका या कर्जाला शेत धरतच नाहीत. मग अकोल्यातल्या मामाच्या प्लॉटचा विषय निघतो, मामी गप्प होते, आणि कर्जाच्या कागदावर नातेही गहाण पडते. ‘पोट्टी हे शिकून करीन काय, बाप्पा?’ हा आजीचा प्रश्न एव्हाना सगळ्या घराचा झालेला असतो.

आजीचा प्रश्न अडाणी नाही. दहा टक्के सरळव्याज धरले तर शिक्षणाचे एक वर्ष आणि नंतरच्या सवलतीचे एक वर्ष मिळून 6 लाख चढतात. त्या 36 लाखांचा पंधरा वर्षांसाठी हप्ता पडतो महिन्याला साधारण 38,700 रुपये. परत येऊन ती महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागली, तर जितके तास घेतले तितकेच पैसे. उन्हाळ्यात तास नाहीत, हप्ता मात्र आहे. तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. केवळ या पदवीच्या भरवशावर कुणाचेही घर गहाण टाकू नये. मुलीची हुशारी कितीही असो, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

पण मग हे विषय शिकायचे कुणी? अमरावती जिल्ह्यातलेच रिद्धपूर घ्या. महानुभावांची ही भूमी, ‘लीळाचरित्रा’ची जन्मभूमी, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. इथल्या गोविंदप्रभूंचे चरित्र इंग्रजीत नेले ते अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने, 1984 मध्ये. बाईंचे ऋण मानावे तेवढे थोडे. मात्र अमेरिकेतून रिद्धपूरपर्यंत वाट आहे आणि रिद्धपूरच्या पोरीला तिकडे जायचे तर मामाचा प्लॉट हवा, हे खटकते.

कर्जाशिवाय जायची एक वाट होती. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. जागा साऱ्या देशाला मिळून 125. 2022 मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे वऱ्हाडातल्या शेतमजुराच्या मुलाने आज भाऊसाहेबांचाच विषय निवडला, तर त्याचा अर्ज विषयापाशीच अडेल. जे ज्ञान बाजारात विकले जात नाही त्याचा खर्च सरकारने उचलायचा, एवढी साधी गोष्ट इथे उलटी झाली आहे.

इंग्लंडने आपल्या मुलांपुरता निराळा मार्ग काढला आहे. 2023 पासून पदवीला गेलेला तिथला विद्यार्थी वर्षाला 25,000 पौंडांच्या वर जी कमाई होईल तिच्या 9 टक्के भरतो, आणि 40 वर्षांनी उरलेले कर्ज माफ होते. चाळीस वर्षे मानगुटीवर ओझे, ही तक्रार तिकडेही आहेच. तरी कमाई नाही त्या वर्षी हप्ताही नाही. आपल्याकडे सवलतीचे वर्ष सरले की हप्त्याची तारीख पक्की, कमाई असो वा नसो. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी भाऊसाहेब 1930 नंतरच्या प्रांतिक मंत्रिपदाच्या काळात कर्ज लवाद कायद्यासाठी झटले होते. ऋणकोची ऐपत पाहून देणे ठरवणे त्यांना परके नव्हते.

आजच्या व्यासपीठांवर खासदार असतील, आमदार असतील. शिष्यवृत्तीतली विषयाची ती अट काढून टाका, अशी मागणी त्यांनी दिल्लीत लेखी करावी. आणि भाऊसाहेबांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी सत्काराचे दोन मंडप कमी करून संस्कृत, पाली किंवा महानुभाव वाङ्मयाच्या एका विद्यार्थ्याचा परदेशातला पूर्ण खर्च उचलावा. पुढच्या 27 डिसेंबरला त्याचे नाव जाहीर करता येईल.