जेलातला देव आणि सरकारी रकाना



जेलात आस्तिक किती, नास्तिक किती, ह्यावर सध्या आपल्या पोरांत वाद पेटलाय. आपले विवेकवादी मित्र म्हणतात, बघा, आतले जवळजवळ सगळे कुठल्या ना कुठल्या धर्माचे. नास्तिक औषधालासुद्धा नाही. म्हणजे धर्म माणसाला सुधारत नाही, बिघडवतो. सत्संगवाले म्हणतात, माणूस देवाला विसरला म्हणून आत गेला, आत गेल्यावर देव आठवला म्हणून सुधारला. आणि तिसरा एक आहे, सगळ्यात जहरी. तो नुसतं मुसलमानांच्या आकड्यावर बोट ठेवतो आणि हसतो.

तिघांच्या हातात कागद एकच. तिघेही तो खोटा वाचतात.

मी गोदीत हमाली करतो. बोटीतून माल उतरताना टॅलीवाला कडेला उभा राहून गोण्या मोजतो. गोणीवर जो मार्का छापलाय तोच लिहितो. आत साखर आहे का रेती, ते त्याला माहीत नसतं. ते बघणं त्याचं कामही नव्हे. त्याचा कागद खोटा नसतो, पण तो मार्क्याचा कागद असतो, मालाचा नव्हे. जेलातल्या धर्माचा कागद अगदी असाच. कारकुनानं माणसाच्या अंगावरचा मार्का लिहिलाय. आत श्रद्धा आहे, भीती आहे का नुसती भूक, ते कुणी उघडून बघितलं?

आता कागदच बघू. दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो 'प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया' नावाचं पुस्तक काढतो. त्यात कैद्यांच्या धर्माचा तक्ता असतो. रकाने पाच. हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिश्चन आणि इतर. संपलं.

बौद्ध कुठाय? नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांवर बौद्ध निघाले, त्यातले ६५ लाखांवर एकट्या महाराष्ट्रात. १९५१ ला ह्याच महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते २,४८७. मधे १९५६ चं नागपूर झालं आणि १९६१ ला तोच आकडा २७,८९,५०१ झाला. एवढ्या माणसांनी बापजाद्यांचे देव पाण्यात सोडले, आणि जेलच्या पुस्तकात त्यांना साधा रकाना नाही. बौद्ध, जैन, पारशी, निसर्ग पुजणारा आदिवासी आणि ज्याच्यावरून एवढा वाद चाललाय तो नास्तिक, सगळे 'इतर' नावाच्या एकाच बराकीत कोंबलेत. मग विवेकवादी मित्रा, नास्तिक नाहीत असं तू कुठल्या रकान्यात वाचलंस?

आणि 'इतर'मध्ये तरी आपण पोचतो का? आमच्या वस्तीतला एक पोरगा मारामारीच्या केसमध्ये काही महिने आत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, धर्म काय लिवला रे तुझा? म्हणाला, "दादा, धर्म कुणी इचारलाच नाय. जात इचारली. मी सांगितली. त्यानं पुढं हिंदू लिवून टाकलं." तो पोरगा दर चौदा एप्रिलला वस्तीत निळा झेंडा लावतो, पंचशील म्हणतो. सरकारी हिशेबात तो हिंदू गुन्हेगार. अशी किती पोरं हिंदूंच्या रकान्यात पडून असतील ते कोण सांगणार?

ह्याची मुळंही सरकारीच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा म्हणून गणला जायचा तो फक्त हिंदूच, काही शीख जाती सोडून. १९५६ ला सगळ्या शिखांना घेतलं. बौद्धाला घेतलं १९९० ला. म्हणजे धर्मांतरानंतर चौतीस वर्षं केंद्राची सवलत पाहिजे तर कागदावर हिंदू राहा, आणि बौद्ध म्हणवलंस तर सवलत सोड. कागदावर एक, घरात एक, हे आपल्याला ह्या देशानं शिकवलं. मग कागद बघून आपली श्रद्धा कशी कळणार?

विवेकवादी मित्र अमेरिकेचा दाखला देतात. तिथल्या केंद्रीय तुरुंगांचा १९९७ चा आकडा फिरवला जातो, नास्तिक हजारी दोन. ठीक आहे. पण त्याच अमेरिकेतली एक केस ऐका. टेक्सासच्या तुरुंगात फ्रेड क्रूझ नावाचा कैदी होता, बौद्ध. त्याची तक्रार अशी की तुरुंगातलं प्रार्थनाघर त्याला वापरू देत नाहीत, धर्मगुरूला पत्र लिहू देत नाहीत, आणि बौद्ध पुस्तकं दुसऱ्या कैद्यांना दिली म्हणून त्याला एकांतकोठडीत टाकलं. त्याच तक्रारीत आणखी होतं. सरकारच्या पैशानं कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू धर्मगुरू ठेवलेत, बायबल फुकट वाटतात, आणि त्या प्रार्थनेला जो बसेल त्याला चांगल्या वागणुकीचे गुण मिळतात. त्या गुणांवर चांगलं काम मिळतं, पॅरोल लवकर मिळण्याची वाट मोकळी होते. मार्च १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे आरोप खरे असतील तर हा सरळसरळ भेदभाव आहे. साल बघा. त्याच साली आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

सांगा आता, जिथं डोळे मिटून बसल्यावर सुटका जवळ येते तिथं नास्तिक म्हणून नाव कोण लावून घेईल? भुकेलेल्या माणसानं लंगरात हात जोडले म्हणजे तो भक्त झाला का?

आणि ह्याची दुसरी बाजूही आहे. माल्कम एक्स चोरीच्या गुन्ह्यात १९४६ ला आत गेला. आतच तो नेशन ऑफ इस्लामचा झाला. गोऱ्या मालकाचं आडनाव टाकलं, पुस्तकांचा फडशा पाडला, आणि १९५२ ला बाहेर आला तो वेगळाच माणूस. पुढं काळ्या मुस्लिम कैद्यांनी कुराणासाठी, धर्माच्या पुस्तकांसाठी कोर्टाची पायरी चढली. थॉमस कूपर नावाच्या कैद्याच्या केसमध्ये १९६४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्याचा दावा ऐकावाच लागेल असं ठरवलं, आणि त्या वाटेनं मग कैद्यांचे कितीतरी हक्क मागितले गेले. तिथं धर्म म्हणजे वॉर्डरपुढं ताठ उभं राहणं होतं. टेक्सासमध्ये गुणांसाठी प्रार्थनेला बसणारा आणि गोऱ्याचा देव नाकारणारा माल्कम, दोघंही सरकारी हिशेबात 'धार्मिक कैदी'. रकान्याला दोघांतला फरक कळत नाही. आपल्याला तरी कळायला हवा.

मग ह्या आकड्यांना काहीच अर्थ नाही का? आहे. पण तो देवाचा नाही, पोलिसांचा आणि जामिनाचा आहे.

२०१९ चे आकडे घ्या. २०११ च्या जनगणनेत मुसलमान १४.२ टक्के. जेलात कच्च्या कैद्यांत ते १८.७ टक्के आणि शिक्षा झालेल्यांत १६.६. म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा अजून शाबीत व्हायचाय त्यांच्यात वाटा जास्त, शाबीत झालेल्यांत कमी. कुराणात तर काही बदल झाला नाही ना दोन रकान्यांच्या मधे? बदल होतो तो पकडताना आणि सोडताना.

आणि मुसलमानाच्या आकड्यावर हसणाऱ्या आपल्याच काही पोरांना माझं सांगणं, जरा पान उलटा. पुढं जातीचा तक्ता आहे. लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के, शिक्षा झालेल्यांत २१.७, कच्च्यांत २१. आदिवासी लोकसंख्येत ८.६, शिक्षा झालेल्यांत १३.६, कच्च्यांत १०.५. तो हसतोय त्या पानाच्या मागच्या बाजूला आपण आहोत. मुसलमानाची जात गुन्हेगार म्हणणारा उद्या तेच पुस्तक उघडून आपल्या आईबापाला काय म्हणेल? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ ला गेला. डोक्यातला गेला नाही.

गंमत बघा. धर्माच्या पानावर आपण हिंदू, म्हणजे त्यांचा आकडा फुगवायला चालतो. आणि जेलात झाडू मारायची वेळ आली की आपली जात आठवते. हे मी रागानं बोलत नाही, ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंनी ही लढाई नेली. पश्चिम बंगालच्या नियमांत लिहिलेलं होतं की सफाईवाले मेहतर, हाडी, चांडाळ अशा जातींतून निवडावेत आणि जेवण योग्य जातीच्या कैद्यानं शिजवावं. उत्तर प्रदेशच्या नियमांत होतं की साध्या कैदेवाल्याला हलकं काम देऊ नये, त्याची जमात त्या कामाला सरावलेली असेल तर गोष्ट वेगळी. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं उलटल्यावर ही कलमं घटनाबाह्य ठरली. जेलच्या रजिस्टरातला जातीचा रकानाही काढायला सांगितला. चांगलं झालं. काम वाटायला जात नकोच. पण अन्याय मोजायला ती लागते. रजिस्टरातून जात जाऊ दे, देशाच्या मोजणीतून आपण जाता कामा नये.

आता जामीन. २०२२ च्या अखेरीला देशातल्या जेलांत ५,७३,२२० माणसं होती. जागा ४,३६,२६६ जणांची. त्यातले ४,३४,३०२ कच्चे. चारातले तीन. गुन्हा शाबीत नाही, तरी आत. १९७८ ला मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सर्वोच्च न्यायालयात गेली होती. मॅजिस्ट्रेटनं त्याला दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर त्यावर खवळले. पण आजही कंत्राटावर राबणाऱ्याला जामीनदार कोण राहतो? ज्याच्या नावावर खोली नाही, जमीन नाही, त्याचे नातेवाईकही तसेच. तो आत राहतो, आणि त्याचा धर्म पुस्तकात मोजला जातो.

बुद्धानं अंगुलिमालाला गाठलं तेव्हा त्याची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. प्रसेनजित राजा घोडेस्वार घेऊन त्याला धरायला निघाला, आणि बघतो तो अंगुलिमाल भिक्खू होऊन बसलेला. बाबासाहेबांनी ही गोष्ट 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये मुद्दाम घेतली. धम्म म्हणजे माणसाचं बदलणं. ते कुठल्या तक्त्यात मावत नाही, मावायचं कारणही नाही.

तेव्हा आपली मागणी सरळ ठेवू. धर्म लिहायचाच असेल तर कैद्याला विचारून लिहा. बौद्धाला त्याचा रकाना द्या, कुठलाच धर्म न मानणाऱ्याला त्याचा द्या. आणि जामीन मंजूर होऊनही पैशापायी किती जण आत सडतायत, ते धर्मवार, जातवार एकत्र छापा.

पण मागणी करून घरी झोपू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं, बाकीच्यांना निम्मा काढल्यावर. फाशी-जन्मठेपेची कलमं आणि ज्याच्यावर एकाहून जास्त केसेस चालू आहेत ते सोडून. त्यासाठी कोर्टात अर्ज करणं जेल अधीक्षकाचं काम आहे. तो करत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, वकील फुकट मिळतो, तो आपला हक्क आहे. प्रत्येक शाखेनं आपल्या वस्तीतलं कोण आत आहे, कधीपासून आहे, कुठल्या कलमाखाली आहे, ह्याची वही करा. शेजारच्या मोहल्ल्यातल्या पोरांचीही त्याच वहीत लिहा.

त्या वहीत धर्माचा रकाना नको. तारखेचा ठेवा.

जय भीम.