साष्टीची सरहद्द

दीपावलीच्या या अंकाचा आरंभ आम्ही युद्ध थांबविणाऱ्या माणसांच्या स्मरणाने करीत आहोत; कारण ज्या विलेपार्ल्यातून हा अंक निघतो ते ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्या बेटाचे स्वामित्व तलवारीने जितके, तितकेच तहाच्या कलमांनीही ठरलेले आहे. 1737 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेली साष्टी 1774 च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला पडताच इंग्रजांच्या हाती गेली. पुढे पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या राघोबादादांच्या निमित्ताने मराठे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात युद्ध पेटले. वडगावास कंपनीच्या फौजेची नाचक्की झाली, 1780 च्या अखेरीस गॉडर्डने वसई घेतली, आणि तरीही कोणालाच निर्णायक जय मिळेना.

माळव्यात कंपनीच्या कॅमॅकच्या छाप्याने महादजी शिंद्यांची मोठी हानी झाली होती. असे असताही 13 ऑक्टोबर 1781 रोजी त्यांनी कंपनीच्या कर्नल म्यूरशी जो करार केला, तोच आम्हांस या सर्व प्रकरणाचा गाभा वाटतो. म्यूरने यमुनापार जावे, महादजींनी उज्जैनीस परतावे, आणि पुणे दरबार व कंपनी यांच्यातील मध्यस्थी महादजींनी पत्करावी, असे त्यात ठरले. समोरासमोर तळ ठोकून बसलेल्या फौजा आधी दूर झाल्यावाचून वकिलांच्या बोलण्याला अवकाश मिळत नाही, ही जाण त्या करारात आहे.

17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरनजीक सालबाई येथे कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसन व महादजी यांनी तह केला. पेशवे व कंपनी यांच्यातील आधीच्या पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख, वसईसुद्धा, पेशव्यांना परत मिळाला. साष्टी, घारापुरी, करंजा व हॉग ही बेटे मात्र कंपनीकडेच राहिली. वसईची खाडी ही सरहद्द झाली, आणि तहाच्या पालनाबद्दल महादजी उभय पक्षांना जामीन राहिले. नाना फडणिसांनी मंजुरीस डिसेंबरपर्यंत विलंब लावला. हैदरअल्लीसारख्या दोस्ताला एकाएकी वाऱ्यावर न सोडण्याचा विवेक आम्हांस त्यात दिसतो, जरी त्यात सौद्याचा अंशही असला. साष्टी गेली हे शल्य खरेच, परंतु वीस वर्षे पेशवे व इंग्रज यांच्यात पुन्हा युद्ध झाले नाही, हेही तितकेच खरे. वडगावचा विजय अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या समाजाने सालबाईलाही तोच मान द्यावयास हवा.

फौजा दूर करण्याचे कलम राहून गेले तर काय होते, हे आपल्याच काळातील एका कराराने दाखविले आहे. 27 जुलै 1949 रोजी कराचीस काश्मीरमधील युद्धबंदी रेषेच्या करारावर भारताच्या वतीने स्वाक्षरी करणारे लेफ्टनंट जनरल सत्यवंत श्रीनागेश हे जन्माने कोल्हापूरचे. ती रेषा श्योक नदीवरील चालुंका व पुढे खोर येथवर तपशिलाने वर्णिली गेली, आणि त्यापुढे केवळ उत्तरेस हिमनद्यांकडे जाते एवढेच नमूद झाले. 1972 च्या नियंत्रण रेषेतही हा भाग अनिर्णितच राहिला. 1984 च्या एप्रिलपासून सियाचेनवर उभय सैन्ये समोरासमोर आली, आणि कित्येक जवान गोळीपेक्षा हिमाने व विरळ हवेने गेले. 2003 च्या नोव्हेंबरापासून तेथे तोफा थांबल्या आहेत. ठाणी मात्र जागची हललेली नाहीत, कारण म्यूर आणि महादजी यांनी प्रथम लिहिलेले माघारीचे कलम तेथे अद्याप लिहिलेच गेलेले नाही.