सायलेन्सर फोडण्याआधी साखळी पाहा



बांधावरची बाभूळ तोडायची असो की वादळात पडलेला आंबा चिरायचा असो, आता गावोगाव चेनसॉ दिसतो. तो जरा जुना झाला की जोर कमी पडतो. मग कोणीतरी सल्ला देतो, “सायलेन्सरला आणखी एक भोक पाडा, मशीन धावायला लागेल!”

हा सल्ला अर्धाच खरा आहे. हे इंजिन दोन स्ट्रोकचे. धुराची वाट मोकळी केली की आत हवा जास्त येते आणि जोर वाढतो. पण त्या मानाने पेट्रोल वाढत नाही. या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलचेच. म्हणजे पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडते. इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. गंमत अशी, की जळण्याआधी मशीन नेहमीपेक्षा जोरात पळते आणि मालक खूश होतो! त्यात हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यानेही मिश्रण आणखी हलके होते.

म्हणून सायलेन्सर मोकळा केलाच, तर कार्बोरेटरचा ‘एच’ स्क्रू जाणत्या मिस्त्रीकडून थोडा डावीकडे फिरवून घ्या. पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर, आवाज थोडा फडफडता यावा आणि लाकडात पाते घालताच तो साफ व्हावा. प्लगचे टोक विटकरी असावे. ते पांढरे दिसले तर मशीन ताबडतोब थांबवा. सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी मात्र कधीही काढू नका. उन्हाळ्यात वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.

पण त्याआधी बिनखर्चाचे चार उपाय करून पाहा. पुष्कळदा गेलेला जोर तेवढ्यानेच परत येतो.

१. इंजिन बंद करून, हातमोजे घालून साखळीला धार लावा. साखळीच्या मापाची गोल कानस घ्या. बहुतेक साखळ्यांना कोन ३० अंशांचा असतो. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. भुसा पिठासारखा पडला तर धार गेली असे समजा. धार असली की चिपाड पडते.

२. दातापुढची उंचवटी साधारण पाऊण मिलिमीटरपर्यंत खाली असावी. जास्त घासली तर करवत अंगावर उसळते.

३. एअर फिल्टर आणि सायलेन्सरची जाळी काजळी झाडून साफ करा.

४. ऑइलचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. महिनाभर मशीन पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते.

एवढे करूनही मशीन ओढेना, तरच सायलेन्सरकडे वळा. दहा मिनिटांची कानस पिस्टनच्या खर्चापेक्षा केव्हाही स्वस्त!